श्वासाला पंख्याची सोबत

माझा एक भाचा औषधांच्या कारखान्यात सुरक्षा विभागात काम करतो. मागे तो घरी आला तेव्हा त्याच्याकडून एक नवी वस्तू कळली. कमरेच्या पट्ट्याला एक छोटा पंखा आणि बॅटरी, तिथून पाठीवरून वर जाणारी नळी, आणि डोक्यावर पुढे पारदर्शक काच असलेले टोपडे. पंखा बाहेरची हवा ओढतो, ती फिल्टरमधून गाळतो आणि टोपड्यात सोडतो. या वस्तूला 'पॉवर्ड रेस्पिरेटर' म्हणतात. कारखान्यातली मंडळी आद्याक्षरे घेऊन 'पीएपीआर' म्हणतात. कोविडच्या दिवसांत परदेशातल्या इस्पितळांच्या बातम्यांमध्ये अंतराळवीरासारखे दिसणारे डॉक्टर तुम्ही पाहिले असतील. तीच ही वस्तू.

"मामा, याचा इतिहास कुठे वाचायला मिळेल?" असे त्याने विचारले. इतिहासाच्या जुन्या मास्तराला हा प्रश्न विचारणे म्हणजे बसल्या जागी महिन्याभराचे काम लावणे. वाचत गेलो तसे लक्षात आले की ही गोष्ट यंत्राची कमी आणि माणसांची जास्त आहे. धूळ कोण उडवतो, ती कोणाच्या छातीत जाते, आणि ती अडवण्याची जबाबदारी कोणाची, हा वाद दोन हजार वर्षे चालू आहे. पंख्याचे टोपडे हे त्या वादातले अगदी अलीकडचे पान.

जनावराच्या फुग्यापासून सुरुवात

रोमन लेखक प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात होऊन गेला. त्याच्या निसर्गविषयक महाग्रंथात हिंगूळ दळणाऱ्या कामगारांचा उल्लेख येतो. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे खनिज, आपल्याकडचा तांबडा हिंगूळ तोच. त्याची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून ते कामगार जनावराच्या मूत्राशयाची सैल पिशवी तोंडावर बांधत, पण पुढचे दिसेल अशा बेताने. कामावर वापरायच्या मास्कचा हा फार जुना लेखी पुरावा मानला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही समजले होते की पोटासाठी करायच्या कामात श्वास धोक्यात येतो.

पुढचा मोठा टप्पा 1556 सालचा. जॉर्ज ॲग्रिकोला या जर्मन वैद्याचा खाणकामावरचा ग्रंथ त्या वर्षी, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आला. त्यात एक वाक्य आहे जे वाचून मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवले. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींच्या मुलखात अशा बायका आढळतात, ज्यांनी एकामागून एक सात नवरे केले आणि सातही जण छातीच्या क्षयाने गेले, असे तो लिहितो. आकडेवारी, तक्ता काही नाही. पण सात नवऱ्यांचे मरण एका बाईच्या आयुष्यात मावते, यावरून त्या खाणीतल्या माणसाचे आयुष्य किती छोटे असेल याचा हिशेब आपोआप होतो.

ॲग्रिकोलाने उपाय दोन सांगितले. खाणकामगाराने तोंडावर सैल पडदा घ्यावा, हा एक. दुसरा उपाय त्याने जास्त विस्ताराने, चित्रे काढून सांगितला आहे: खाणीत ताजी हवा नेणारी यंत्रे. भाते, पंखे, वाऱ्याला तोंड करून ठेवलेली लाकडी पेटारे. म्हणजे पडदा माणसासाठी आणि पंखा खाणीसाठी. या दोन उपायांचे नाते लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

याच ग्रंथाचे लॅटिनमधून इंग्रजी भाषांतर 1912 साली हर्बर्ट हूवर नावाच्या खाण-इंजिनियरने आपल्या पत्नीच्या, लू हेन्री हूवर यांच्या साहाय्याने केले. हाच हूवर पुढे 1929 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

1700 साली इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिले. रोगी तपासताना वैद्य अनेक प्रश्न विचारतात, त्यात 'तू काम काय करतोस?' हा प्रश्नही विचारावा, असा त्याचा आग्रह होता. आजही आपण छातीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलो तर विडी-सिगारेट विचारली जाते. कामाचे किती डॉक्टर विचारतात?

शेफील्डचे धार लावणारे

इंग्लंडमधले शेफील्ड हे सुऱ्या, काटे, कात्र्या यांचे गाव. तिथे एकोणिसाव्या शतकात हजारो माणसे फिरत्या दगडावर पोलादाला धार लावीत. दगड वाळूचा. कोरड्या दगडावर धार लावताना दगडाची आणि लोखंडाची बारीक पूड थेट तोंडावर उडे. एंगल्सने 1845 साली इंग्लंडच्या कामगारांवर जे पुस्तक लिहिले त्यात शेफील्डच्या एका डॉक्टरांचा हवाला दिला आहे. कोरड्या दगडावर काम करणारा सरासरी जेमतेम पस्तिशी गाठतो, ओल्या दगडावरचा पंचेचाळिशीच्या पुढे क्वचित जातो, असा. दहा वर्षांचा हा फरक पाण्यामुळे. पाण्याने धूळ बसते, हे तेव्हाच दिसत होते.

1820च्या दशकाच्या आरंभी शेफील्डच्या जे. एच. अब्राहम यांनी लोहचुंबक लावलेले एक साधन तयार केले. उडणारे लोखंडाचे कण चुंबकाने धरून ठेवायचे, अशी कल्पना. लंडनच्या कलासंस्थेने त्याबद्दल पदकही दिले. पण कामगारांनी ते वापरले नाही. एंगल्सनेही लिहिले आहे की अशी साधने कामगारांनीच ठिकठिकाणी मोडून टाकली. कारण काय, तर काम कमी धोक्याचे झाले तर या धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी पडेल. धोका हाच त्यांच्या मजुरीचा आधार होता.

हे वाचून एकदम 'अडाणी' म्हणण्याचा मोह होतो. पण थोडे थांबून पाहावे. हातावर पोट असलेल्या माणसापुढे उद्याची मजुरी आणि वीस वर्षांनंतरचे फुप्फुस अशी निवड ठेवली तर तो काय निवडणार? शिवाय ते चुंबक लोखंडाचे कण धरणारे. दगडाच्या पुडीला चुंबक काय करणार? आणि आज आपल्याला माहीत आहे की खरा घात त्या दगडातल्या वाळूच्या कणांनी, म्हणजे सिलिकाने होत होता.

सिलिकाचा कण दगडात बंद असतो तोवर निरुपद्रवी. तो कापताना, घासताना, फोडताना जी अतिसूक्ष्म पूड निघते ती वाईट. डोळ्यांना दिसणारी मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि खोकल्यावाटे बाहेर पडते. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून लहान कण मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. तिथे व्रण होतो, व्रणाची गाठ होते आणि फुप्फुस हळूहळू ताठ होत जाते. हाच सिलिकोसिस. यावर औषध नाही. काम सोडले तरी रोग वाढू शकतो, आणि क्षयाला तर तो आमंत्रणच देतो. ॲग्रिकोलाच्या सात नवऱ्यांना काय झाले असावे याचा अंदाज आता येतो.

गाळणे की वारा

एकोणिसाव्या शतकात श्वास गाळण्याच्या युक्त्या भराभर निघाल्या. 1849 साली अमेरिकेतल्या लुई हॅस्लेटला लोकरीच्या गाळणीच्या मुखवट्याचे पेटंट मिळाले. 1854 साली जॉन स्टेनहाउस या रसायनशास्त्रज्ञाने कोळशाची पूड भरलेला मुखवटा केला. कोळसा वायू शोषतो, हे त्याने वापरले. आज वायूसाठी मुखवट्याला जी डबी लावतात तिच्यात मुख्यतः तोच कोळसा असतो, जास्त संस्कार केलेला. 1871 मध्ये जॉन टिंडॉल यांनी आगीच्या बंबवाल्यांसाठी कापूस आणि कोळसा एकत्र करून मुखवटा बनवला.

या सगळ्यांत एक अडचण समान होती. गाळणे जितके दाट, तितका श्वास घेणे कठीण. आणि आपण श्वास आत ओढतो तेव्हा मुखवट्याच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. मग कडेला जरा फट असली की हवा गाळण्यातून येण्याऐवजी त्या फटीतून येते. पाण्याप्रमाणे हवाही सोपी वाट धरते. गालावर दाढीचे खुंट असले तरी तेवढी फट पुरे. म्हणून साधा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा लागतो, आणि घट्ट मुखवटा लावून आठ तास फावडे मारणे किती सुखाचे ते ज्याचे त्याला ठाऊक. दर दहा मिनिटांनी तो खाली सरकवला जातो. खाली सरकवलेला मुखवटा गळ्याला शोभा देतो, फुप्फुसाला नाही.

दुसरी वाट 1823 मध्येच एकाने दाखवून ठेवली होती. इंग्लंडच्या चार्ल्स डीन याने धुराने भरलेल्या जागेत शिरण्यासाठी तांब्याच्या शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. बाहेर उभा असलेला माणूस भाता चालवी आणि नळीतून शिरस्त्राणात हवा सोडी. आत हवा ढकलली जात असल्याने फटीतून धूर आत यायच्या ऐवजी आतली हवाच बाहेर पडे. श्वास ओढायचे कष्टही वाचले. पुढे याच शिरस्त्राणाचे पाणबुड्याचे शिरस्त्राण झाले. पण खाणीत किंवा कारखान्यात दर माणसामागे एक भातेवाला ठेवणार कोण? ती वाट बराच काळ तशीच राहिली.

हॉक्स नेस्टचा बोगदा

आता हूवरकडे येऊ. 1930 साली, म्हणजे ॲग्रिकोलाचा भाषांतरकार अमेरिकेचा अध्यक्ष असताना, वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट येथे डोंगरातून तीनेक मैलांचा बोगदा खणायला सुरुवात झाली. नदीचे पाणी वळवून वीज करायची होती. मंदीचे दिवस. दक्षिणेकडून कामाच्या शोधात माणसे आली, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. डोंगराचा खडक जवळजवळ शुद्ध सिलिकाचा निघाला. पाणी मारून छिद्रे पाडली असती तर धूळ बसली असती, पण त्यात वेळ जातो. म्हणून कोरडेच छिद्रकाम बरेच झाले. 1936 मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षी झाल्या, तेव्हा पाहणीला येणारे अधिकारी मुखवटा लावून येत आणि मजुरांना मात्र मुखवटे नसत, असे पुढे आले. किती मेले याचा नेमका आकडा कधीच मिळाला नाही, कारण आजारी मजूर आपापल्या गावी जाऊन मेले. पुढे एका डॉक्टरांनी कागदपत्रे तपासून 764 असा अंदाज बांधला.

चारशे वर्षांपूर्वीच्या खाणीत काय होते ते ज्याने स्वतः भाषांतर करून जगापुढे मांडले, त्याच्याच कारकिर्दीत हे घडावे! हूवरचा त्या बोगद्याशी व्यक्तिशः संबंध होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्ञान पुस्तकात असणे आणि मजुराच्या नाकापर्यंत पोचणे, यातले अंतर किती मोठे असते ते यावरून कळते. आम्ही मास्तर लोकांनी तर हे विसरूच नये.

खाणीत पंखा डोक्यावर चढला

1970च्या दशकात ब्रिटनमध्ये डीनची ती जुनी वाट पुन्हा सापडली. कोळशाच्या खाणींत यंत्रे वाढली तशी धूळ वाढली. खाणसुरक्षेवर संशोधन करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने एक शिरस्त्राण विकसित केले. मागच्या बाजूला छोटा विजेचा पंखा, आत गाळणे, समोर पारदर्शक पडदा, आणि कमरेला बॅटरी. पंखा मागून हवा घेई, ती गाळली जाऊन कपाळावरून चेहऱ्यावर उतरे. नाव ठेवले 'एअरस्ट्रीम'. भातेवाला माणूस आता मुठीएवढ्या मोटारीत मावला होता. आणि ही संस्था कुठली, तर शेफील्डची! ज्या गावात दीडशे वर्षांपूर्वी चुंबकाचे साधन नाकारले गेले, त्याच गावातून हे निघाले. इतिहास कधीकधी अशी गंमत करतो.

कामगाराला यात पहिल्यांदा काहीतरी सुखाचे मिळाले. श्वास ओढावा लागत नाही, चेहऱ्यावर गार वारा येतो, चष्मा चालतो, सैल टोपड्याच्या जातीत दाढीही चालते. कोविडमध्ये दाढी राखणाऱ्या शीख डॉक्टरांपुढे घट्ट मास्कचा प्रश्न आला, तेव्हा पंख्याचे सैल टोपडे हा एक मार्ग होता.

निवड कशी करावी

भाच्याशी बोलून आणि वाचून जे समजले ते शाळेच्या पद्धतीने सांगतो.

पहिला प्रश्न: हवेत आहे काय? धूळ असेल तर एक गाळणे, वायू असेल तर त्या त्या वायूची डबी. धुळीचे गाळणे वायूला अडवत नाही. आणि हवेत प्राणवायूच कमी असेल तर? तर हे यंत्र अजिबात चालणार नाही. ते आहे ती हवा गाळते, प्राणवायू तयार करीत नाही. गटाराच्या मॅनहोलमध्ये, मैल्याच्या टाकीत उतरताना गाळण्याचा मुखवटा लावणे म्हणजे मरणाला निमंत्रण. तिथे मुळात माणूस उतरवूच नये. उतरवणे अगदी अटळ झाले तर बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे साधन लागते. एवढी एक गोष्ट जरी या लेखातून कोणाच्या लक्षात राहिली तरी लिहिल्याचे सार्थक.

दुसरा प्रश्न: किती आहे? इथे साधा भागाकार येतो. प्रत्येक साधनाला एक संरक्षण-गुणांक दिलेला असतो. अमेरिकेच्या नियमांत अर्ध्या चेहऱ्याच्या साध्या मुखवट्याला 10, पूर्ण चेहऱ्याच्या साध्या मुखवट्याला 50, पंख्याच्या सैल टोपड्याला 25, आणि पूर्ण चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या पंखेवाल्या मुखवट्याला 1000. डोके-मान झाकणाऱ्या काही टोपड्यांनाही 1000 मिळतो, पण निर्मात्याने चाचणीचा पुरावा दिला तरच. नाहीतर 25च धरायचे.

उदाहरण घेऊ. तिथल्या नियमानुसार सिलिकाची मर्यादा एका घनमीटर हवेत 0.05 मिलिग्रॅम. समजा एखाद्या दगड कापण्याच्या जागी हवेत 1 मिलिग्रॅम सिलिका आहे, म्हणजे मर्यादेच्या 20 पट. अर्ध्या चेहऱ्याचा मुखवटा लावला तर 1 भागिले 10, आत राहिले 0.1. मर्यादेच्या दुप्पट! मुखवटा लावूनही कामगार नापास. पंख्याचे सैल टोपडे घेतले तर 1 भागिले 25, म्हणजे 0.04. पास, पण काठावर. आणि हवेतली धूळ मोजलीच नसेल तर हे गणित मांडणार कशावरून? म्हणून आधी मोजणी, मग खरेदी. आपल्याकडे अनेकदा उलट होते.

तिसरा प्रश्न: काम किती कष्टाचे? स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जड काम करताना एकेका श्वासाचा झोत त्याच्या कितीतरी पट असतो. म्हणून अमेरिकेत पंख्याने घट्ट मुखवट्यात मिनिटाला किमान 115 लिटर आणि सैल टोपड्यात 170 लिटर हवा द्यावी असे ठरले. सैल टोपड्यातून हवा बाहेर निसटते, म्हणून त्याला जास्त हवी. माणसाचा श्वास पंख्यापेक्षा जोरात चालला तर बाहेरची हवा आत येऊ शकते.

चौथा प्रश्न: जागा कशी? स्फोटक वायू किंवा द्रावकाची वाफ असेल तिथे साधी मोटार चालत नाही. ठिणगी न पडणारी, तशी प्रमाणित केलेली मोटार लागते. खाणीत तर हे अनिवार्यच.

पाचवा, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न: सांभाळणार कोण? पाळी सुरू होण्याआधी हवेचा झोत तपासायचा असतो. बॅटरी भारलेली हवी, नळीला चीर नको, गाळणे वेळेवर बदललेले हवे. सैल टोपड्याचा पंखा मध्येच बंद पडला तर संरक्षण जवळजवळ संपतेच. तेव्हा काम टाकून स्वच्छ हवेत जायचे. ही मोकळीक त्या कामगाराला आहे का? 'आधी हातातले काम पुरे कर' म्हणणारा मुकादम उभा असेल तर कितीही महागडे यंत्र घेऊन उपयोग नाही. हे साधन साध्या मास्कपेक्षा कितीतरी पट महाग. पण खरा खर्च विकत घेण्यात नाही, रोज सांभाळण्यात आहे.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

एवढे सगळे कौतुक करून झाल्यावर एक गोष्ट सांगायला हवी. सुरक्षेचे शास्त्र मुखवट्याला शेवटचा उपाय मानते. आधी धोकादायक पदार्थच टाळा. तो टळत नसेल तर दुसरा वापरा. तेही जमत नसेल तर धूळ जिथे निघते तिथेच पाण्याने बसवा किंवा ओढून घ्या. आणि हे सगळे करून जी उरेल तिच्यासाठी मुखवटा. 1969 साली अमेरिकेने कोळसा खाणींसाठी कायदा केला, त्यात स्पष्ट लिहिले की खाणीतील हवा स्वच्छ राखण्याच्या उपायांऐवजी मुखवटे देऊन भागवता येणार नाही. आपल्या 1948च्या कारखाना कायद्यातही धूळ निघते त्याच्या शक्य तितके जवळ ती ओढणारे यंत्र लावावे, असा विचार होता. धूळ करवतीशी आणि उपाय कामगाराच्या तोंडाशी, हे आपल्या म्हणीतल्यासारखे झाले: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

यातला सगळ्यात जवळचा दाखला माझ्याच पेशातला आहे. पाटीवरची पेन्सिल. माझ्या पिढीने मुळाक्षरे पाटीवर गिरवली. पुढे मास्तर होऊन आम्ही पाटीवरच मुलांकडून ती गिरवून घेतली. पेन्सिल चघळणाऱ्या पोरांना दरडावले. या पेन्सिली कुठून येतात, हे तेव्हा कोणी विचारत नसे. देशातल्या पुष्कळशा येत मध्य प्रदेशातल्या मंदसौर भागातून. तिथे पाटीचा दगड विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीने कापून त्याच्या कांड्या करीत. त्या दगडात सिलिका भरपूर. तोंडाला फडके बांधून माणसे आणि पोरे त्या धुळीत बसत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या सुमारे सहाशे कामगारांची तपासणी केली. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक कामगारांना सिलिकोसिस आढळला. 1982 मध्ये मध्य प्रदेश सरकारने या कामगारांसाठी कल्याण निधीचा स्वतंत्र कायदाही केला.

आणि तिथे धूळ कमी झाली ती कशाने? करवतीजवळच धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसवल्याने. शेफील्डच्या ओल्या दगडाने जे दोनशे वर्षांपूर्वी सांगितले तेच. फडके कितीही घट्ट बांधले तरी इतके सूक्ष्म कण त्याच्या विणीतून आरपार जातात.

आमच्या साक्षरतेच्या इतिहासात शाळा, फळे, सावित्रीबाई, कर्मवीर अण्णा सगळे येतात आणि यायलाच हवेत. पण पहिला 'ग' ज्या कांडीने गिरवला ती कापणाऱ्याचे नाव कुठल्या पुस्तकात नाही. चाळीस-पन्नास मुलांचा एकेक वर्ग, प्रत्येकाच्या हातात एक कांडी, अशा किती वर्गांच्या मागे एकेक छाती गेली असेल, हा हिशेब मला मांडता येत नाही.

पाट्या गेल्या, पेन्सिली बहुतेक गेल्या, असे म्हणून हा विषय मिटवता आला असता. पण तो मिटलेला नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत स्वयंपाकघराच्या ओट्यांसाठी 'क्वार्ट्झ' नावाचा कृत्रिम दगड जगभर गेला. दगडाची पूड आणि राळ एकत्र करून तो बनवतात, आणि त्यात सिलिका नव्वद टक्क्यांपर्यंत, कधी त्याहूनही जास्त असते. ऑस्ट्रेलियात तो कापणाऱ्या तरुण कामगारांना, काहींना तिशीतच, सिलिकोसिस झाला. तिथे ओले कापणे, धूळ ओढणे, मुखवटे, पंख्याची टोपडी, असे सगळे उपाय माहीत होते, नियमांतही होते. तरी रोग थांबेना. शेवटी 1 जुलै 2024 पासून ऑस्ट्रेलियाने त्या दगडाचा वापरच बंद केला. उपायांच्या यादीतली पहिली पायरी, पदार्थच टाळा, ती एका देशाने खरोखर चढून दाखवली.

आपल्या नात्यातली निम्मी मंडळी आता परदेशात किंवा मोठ्या शहरांत घरे घेत आहेत, जुन्या घरांची नवी करीत आहेत. ओट्याचा रंग आणि चकाकी निवडताना दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही: हा दगड कापतो कोण, आणि पाणी मारून कापतो की कोरडा? घरी बसवायला येणारा माणूस बाल्कनीत बसून कोरडी कटर चालवू लागला, तर त्याला चहा विचारायच्या आधी एक बादली पाणी आणि नळी द्यावी. त्याच्या तोंडाला फडके आहे म्हणून समाधान मानू नये. यासाठी पंख्याचे टोपडेही लागत नाही. रामाझ्झिनीचा तो एक प्रश्न आपण प्रत्येकाने विचारायला शिकलो तरी पुष्कळ होईल.